गोरज मुहूर्ताची खेप

या वाटेवरच्या सगळ्या गोष्टी आम्हाला तोंडपाठ आहेत, एकही सुटलेली नाही. म्हणजे सुरुवाती तोंडपाठ आहेत. मधलं आम्ही रचतो, आणि शेवट आठवेना झाला की खोकला काढतो. पण या एका गोष्टीत खोकायला जागा नाही. तेव्हा पोरांनी गप्प बसून ऐकावं, आणि थोरांनी जरा जास्तच गप्प बसावं, कारण ही त्यांचीच आहे.

फार मागची गोष्ट. तेव्हा वाटांना नावं नव्हती, नावं फक्त मुक्कामांना होती. समुद्राकाठी एक बंदर होतं, डोंगरावर एक राजधानी होती, आणि दोन्हींच्या मधे एकच लांबलचक गाडीवाट होती. बंदरात मीठ पिकायचं आणि राजधानीत ते खाल्लं जायचं. राजा केवढाही मोठा असला तरी अळणी आमटी त्यालाही गिळवत नाही. म्हणून त्या वाटेवर मिठाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची.

त्या रांगेत एक गाडीवान होता, भारी थट्टेखोर. नाक्यावरच्या शिपायानं "पोत्यात काय आहे?" असं विचारलं की हा म्हणायचा, "साखर आहे, चाखून बघा." आणि शिपाई दर खेपेला चाखून बघायचा. हसू नका. आपणही सगळे चाखून बघतोच.

आपल्या बैलांची नावं त्यानं दिवाण आणि कोतवाल अशी ठेवली होती. त्यामुळे भर बाजारात "दिवाणा, किती खाशील रे" असं त्याला ओरडता यायचं, आणि कुणाला त्याला धरता यायचं नाही. एकदा खरे दिवाणसाहेब पालखीतून चालले होते. गाडीवान ओरडला, "दिवाणा, बाजूला हो." पालखी मुकाट्यानं बाजूला झाली. बैल काही जागचा हलला नाही.

त्या काळी बैल बोलत. फार नाही, विचारलं तेवढंच. आताचे बोलत नाहीत, कारण त्यांच्या वाटणीचंही माणसंच बोलून घेतात.

गाडीवानाचा दिवस सांगायचा तर असा. तांबडं फुटायच्या आत बैलांच्या मानेवर जू चढवायचं. चाकात वंगण घालायचं, नाहीतर चाक सगळ्या वाटेभर रडतं. चढावर बैलांच्या बरोबरीनं आपणही खांदा लावायचा, उतारावर चाकाखाली ओंडका सरकवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. ऊन चढलं की तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापायची. भाकरी एका बाजूनं करपते आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची राहते, पण तिखट जास्त घातलं की दोन्ही बाजू सारख्याच लागतात. मग पोत्यांवर आडवं व्हायचं, मुंडासं तोंडावर ओढायचं आणि झोपायचं. गाडी मात्र चालूच राहायची.

तुम्ही म्हणाल, मग गाडी कोण हाकायचं? कुणीच नाही. बैलांना वाट पाठ होती. विहीर आली की ते थांबत. नाका आला की थांबत. लोहाराच्या भात्याचा आवाज आला की थांबत, चाकाची लोखंडी धाव निखळलेली असो वा नसो. आणि दिवस कलताना नदीच्या उताराशी मावशीची खानावळ आली की नुसते थांबत नसत, पाय पसरून उभे राहत. कारण तिथं जू उतरायचं. मावशी बाहेर येऊन बैलांपुढं घमेल्यातून पाणी ठेवायची, गाडीवानासाठी बुक्कीनं कांदा फोडायची आणि म्हणायची, "आलास का रे?"

गाडीवानाला आपल्या बैलांचा केवढा अभिमान. इतर गाडीवानांना तो म्हणायचा, "तुमच्या पोरांना शाळेत घाला. माझे बैल शिकून बाहेर पडलेत."

आता त्याच्या घराचं सांगतो. नाका आणि मावशीची खानावळ यांच्या मधे, रस्त्याला लागूनच एक चिंच होती. चिंचेपासून एक बोळ आत जायचा. बोळाच्या टोकाला त्याचं घर. तिथं त्याची बायको राहायची आणि एकुलती एक लेक.

इतकं रस्त्यावर घर, पण गाडी कधी आत वळली नाही. त्याचं कारण असं, की राजधानीच्या कोठारात ज्याची गाडी आधी त्याचं मीठ आधी उतरे, आणि परतताना बंदरात ज्याची गाडी आधी त्याची पोती आधी भरत. वाटेत जो रांग सोडून वळला तो शेवटचा झाला. मग कोठाराबाहेर नुसतं बसून राहायचं आणि बैलांच्या शेपट्या मोजायच्या. म्हणून तो म्हणायचा, "एवढी एक खेप होऊ दे, पुढल्या खेपेला वळू." पावसात घाट बंद झाला की तो वरच्या मुलखातच धान्य वाहत राही. दिवाळीला गाडी-बैल मावशीकडं ठेवून पायीपायी घरी यायचा, अभ्यंगाचं तेल अंगात मुरायच्या आत परत निघायचा.

बाकीच्या खेपांना लेक चिंचेखाली येऊन उभी राहायची. घुंगरं लांबून ओळखायची ती. गाडी आली की भाकरीचं गाठोडं हातात धरून गाडीच्या कडेनं पळायची.

"बा, उतर की जरा."

"उतरलो असतो गं. पण दिवाणसाहेबांना राजधानीत काम आहे."

"मग कोतवालाला तरी ठेवून जा."

"कोतवाल नसला तर दिवाण चोऱ्या करील."

पोर हसायची, पळतापळता गाठोडं वर फेकायची, तो झेलायचा. धुळीत ती मागं राहायची आणि हसण्याचा आवाज थोडा वेळ गाडीबरोबर यायचा.

आता एक गोष्ट तो कुणाला सांगत नसे. चिंच जवळ आली की तो जिभेनं टकटक करून बैलांची चाल वाढवायचा. कारण चाल मंदावली असती तर तो उतरला असता, आणि एकदा उतरला असता तर पुन्हा चढला नसता. एवढं त्याचं त्याला कळत होतं. बैलांना मात्र एवढंच कळलं, की चिंच आली की पळायचं.

पोरी वाढतात. गाडीची चाल तीच राहते. पळत येणारी पोर पुढं भराभरा चालत यायला लागली, आणि मग एक दिवस चिंचेखाली नुसतीच उभी राहिली, कारण आता रस्त्यानं पळायचं तिचं वय राहिलं नव्हतं. त्या दिवशी तिची आई गाडीच्या कडेनं चालत आली.

"लग्न ठरलं पोरीचं," बायको म्हणाली. "गोरज मुहूर्त निघालाय. ही खेप सोडा."

"एवढी एक खेप," गाडीवान म्हणाला. "बंदरात जातो, मीठ भरतो, आणि येताना त्या दिवशी गाडी थेट दारात उभी करतो."

"अन् रांग?"

"रांग गेली खड्ड्यात. त्या दिवशी गाडी दारात."

चिंचेखालून लेक ओरडली, "बा, थट्टा नाही ना?"

"तुझ्या लग्नात थट्टा करीन होय गं?" तो ओरडला. आणि सवयीनं जिभेनं टकटक केलं.

पण बंदरात मिठाला ओल आली होती. ते वाळेपर्यंत पोती भरेनात. भरून निघाला तेव्हा दिवस हातात थोडे राहिले होते. मग त्यानं मुक्काम सोडले, आंघोळ सोडली, झोप सोडली. डोळा मिटायला लागला की पापणीला कांदा चोळायचा आणि गाणी म्हणायचा. त्याच्या गळ्यामुळं बैलांचीही झोप उडायची. असं करत लग्नाच्या दिवशी दुपारी त्यानं नाका ओलांडला. आता चिंच एका डुलकीच्या अंतरावर होती.

त्याच्यामागं एक म्हातारा गाडीवान होता. घाट चढून चढून त्याच्या पाठीलाच घाट पडला होता. तो म्हणाला, "बाबा, आता झोपू नकोस. खाली उतर, बैलांची वेसण धर आणि चालत जा."

"काका, माझे डोळे बघा. कांद्यानं नुसते तांबारलेत. असा गेलो तर व्याही म्हणतील, नवरीचा बाप पिऊन आला. जरा डोळा लागू दे, तोंड माणसासारखं होईल."

"मग कासरा कोण धरणार?"

"दिवाणाला कासरा लागतो होय?" गाडीवान हसला. त्यानं पुढं वाकून बैलांच्या कानाशी तोंड नेलं. "दिवाणा, कोतवाला, आज घरी जायचंय. घर आलं की थांबायचं. कळलं?"

"कळलं, धनी," दिवाण म्हणाला.

कोतवालानं मान हलवली. घुंगरं वाजली. म्हातारा आपल्या बैलांना पाणी पाजायला मागं थांबला, आणि गाडीवानानं मुंडासं तोंडावर ओढलं. डोक्यावरचं ओझं उतरावं तसा तो झोपला. झोपेत त्याची गाडी दारात उभी होती आणि सगळं गाव म्हणत होतं, आला बाबा एकदाचा.

त्या दिवशी चिंचेखाली कुणी नव्हतं. हळद लागलेली पोर उंबऱ्याबाहेर पडत नाही, अशी रीत. आणि नवरीच्या आईला त्या दिवशी श्वास घ्यायलाही उसंत नसते.

गाडी थांबली, तेव्हा गाडीवान अर्धा झोपेत होता. जू उतरल्याचा आवाज आला. घमेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. बाईचा आवाज आला, "आलास का रे?"

"आलो आलो," तो डोळे न उघडता म्हणाला. "पोरीला हळद लागली का?"

"कुणाच्या पोरीला?" बाई हसली. "ऊठ. कांदा फोडून ठेवलाय."

त्यानं मुंडासं बाजूला केलं. समोर मावशी उभी होती. तिच्या मागं खानावळ होती, खानावळीमागं नदी होती. नदीच्या काठानं कुणाच्या तरी गाई घरी परतत होत्या आणि त्यांच्या पायांनी धूळ उडत होती. गोरज म्हणजे तरी काय, तीच धूळ. मुहूर्त त्याच्या डोळ्यांदेखत चालला होता. फक्त गाव दुसरं होतं.

त्यानं कांद्याकडं बघितलं नाही. गाडीवर चढून तो मिठाची पोती खाली लोटायला लागला.

"अरे, दव पडेल," मावशी म्हणाली. "मिठाचं पाणी होईल."

"होऊ दे."

"बैल दमलेत रे. पायी जा, लवकर पोचशील."

खरं होतं ते. पण गाडी दारात उभी करतो असं तो म्हणाला होता, आणि माणूस एकदा चुकला की भलत्याच ठिकाणी शब्दाला जागायला लागतो. त्यानं दमलेल्या बैलांच्या मानेवर पुन्हा जू चढवलं. रिकामी गाडी मागं फिरवली. ज्या मिठासाठी तो आयुष्यभर वळला नव्हता, ते मीठ रस्त्याकडेला उघडं पडलं.

बैल पाऊल पाऊल चालत होते. चिंच दिसली तेव्हा पूर्वेला उजाडलं होतं. आणि चिंच दिसताच, अंगात त्राण नव्हतं तरी, दिवाण-कोतवाल पळायला लागले. गाडीवानानं कासरा ओढला, ओरडला, पण ते पळतच राहिले. शेवटी त्यानं चालत्या गाडीतून उडी मारली, पुढं धावून वेसण धरली आणि त्यांना ओढत ओढत बोळात घातलं. बोळात बैल बिचकले. ही वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती. एकदा त्यांनी कुंपणात चाक घातलं, एकदा कुणाच्या तरी परड्यात घुसू पाहिलं. परक्या गावात शिरावं तसा तो माणूस स्वतःच्या घराकडं आला.

दारात मांडव होता. आंब्याची पानं कोमेजली होती. जमिनीवर अक्षता पडल्या होत्या आणि त्यांच्यावरून खूप पावलं गेली होती. कुत्री पत्रावळी चाटत होती. उंबऱ्यावर बायको बसली होती. तिनं गाडीकडं बघितलं, बैलांकडं बघितलं, आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याकडं.

"गेली?" त्यानं विचारलं.

"आत्ताच, तांबडं फुटताना. मळ्याच्या वाटेनं."

"कन्यादान?"

"धाकट्या भाऊजींनी केलं."

तो मांडवाच्या खांबाला टेकला. बायकोनं राग काढला असता तर बरं झालं असतं. रागाला त्याच्याकडं शंभर उत्तरं होती. पण ती साध्या आवाजात सांगत राहिली, शेजारणीला सांगावं तसं.

"दुपारी घुंगरं ऐकू आली. पोर हळदीच्या पाटावरून उठून उभीच राहिली. म्हणाली, बा आला. आम्ही सगळ्या दाराशी आलो. घुंगरं जवळ आली, अगदी चिंचेपाशी आली, मग एकदम जोरात वाजली आणि लांब गेली."

गाडीवानानं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांकडं बघितलं.

"भाऊजी म्हणाले, दुसऱ्या कुणाची गाडी असेल. पोर म्हणाली, नाही, बाचीच आहे. थट्टा करतोय तो. मुद्दाम पुढं गेलाय, आता मागं फिरेल आणि मागच्या दारानं येईल. म्हणून कुणाला तुमच्या मागं पाठवू दिलं नाही तिनं. भाऊजी निघाले होते, त्यांना हाताला धरून बसवलं. म्हणाली, गेलात तर त्याची गंमत जाईल."

अंगणात कोंबड्या अक्षता टिपत होत्या. बायको त्यांना हाकलत म्हणाली, "भटजींनी वाट बघितली. पण धूळ खाली बसायला लागली, मग अंतरपाट धरला. अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळी माणसं नवऱ्याकडं बघत होती. नवरी तेवढी मागच्या दाराकडं बघत होती."

"जाताना काही म्हणाली?"

"म्हणाली, बाला सांग, ही थट्टा काही जमली नाही."



पुढं त्याचं काय झालं तेही सांगून टाकतो. तो लेकीच्या घरी गेला. एकदा नाही, पुष्कळदा गेला. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, भातावर तूप वाढलं, हसलीसुद्धा. पाहुण्याला जे जे द्यायचं ते सगळं दिलं. वाकडा शब्द कधी बोलली नाही. पण त्यानं थट्टा केली की ती आधी त्याच्या तोंडाकडं बघायची, खरोखरच थट्टा आहे ना, याची खात्री करून घ्यायची, आणि मग हसायची. तेवढ्या वेळात थट्टा थंड व्हायची. पुढं पुढं त्यानं ती करणं सोडून दिलं. त्या वाटेवरचे शिपाई अजून मीठ चाखायला पुढं यायचे, पण तो म्हणायचा, "मीठच आहे, साहेब."

शहाण्यांनी हे ध्यानात ठेवावं, आणि आपल्यासारख्यांनी उपरण्याला गाठ मारून ठेवावं: जिथं आपण थांबतो तेच आपलं घर, बाकी सगळी वाटेवरची गावं.

गाडीवानाला मात्र हे त्या सकाळी कुठं कळलं होतं? मांडवाखाली त्याला फक्त संताप आला होता, आणि संताप काढायला समोर दोन बैल होते. बायको आत गेल्यावर तो त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. बांधायला अंगणात खुंटा नव्हता, म्हणून ते तसेच मोकळे उभे होते, माना खाली घालून.

"तुम्हाला मी कानात सांगितलं होतं," तो म्हणाला. "घर आलं की थांबायचं. तू 'कळलं' म्हणालास दिवाणा. माझ्या पोरीचं लग्न होतं रे. का नाही थांबलात?"

दिवाणानं मान वर केली. आधी घराकडं पाहिलं, मग धन्याकडं.

"थांबलो की, धनी. जिथं जू उतरतं, पाणी मिळतं आणि 'आलास का' म्हणून तुम्हाला कुणी विचारतं, तिथं थांबलो. हे तुमचं घर होय? इथून तर तुम्ही दर खेपेला आम्हाला पळवत नेलंत. आम्हाला वाटलं, इथं तुमचा कुणी वैरी राहतो."